पाच जूनला नेमकं काय लागणार आहे?

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. अठरा मशिनं, बावीस बायका, एक कटिंग मास्तर. गेली नऊ वर्षं जवळपासच्या तीन शाळांचं काम त्यांच्याकडे आहे. यंदा पुण्याच्या एका गणवेश पुरवणाऱ्या कंपनीनं त्यांना ८,४०० शर्टांची ऑर्डर दिली. मुलं ४,२००, प्रत्येकाला दोन शर्ट, दर २३० रुपये, कापडासकट. माल ५ जूनला पोचला पाहिजे, उशीर झाला तर आठवड्याला दोन टक्के कापणार आणि पैसे ९० दिवसांनी, असं सगळं व्हॉट्सॲपवर ठरलं. पत्र लिहिलं त्या दिवशी १,९०० शर्ट तयार होते आणि कामाचे २६ दिवस उरले होते. रोज १७० शर्ट निघतात. मिस्टर म्हणतात, पाटल्या ठेवून आठ मशिनं घेऊ. इचलकरंजीचा भाचा म्हणतो, निम्मा माल माझ्याकडे टाक. ताईंच्या मनात आहे बायकांना रात्री अकरापर्यंत थांबवायचं. ‘घरच्यासारख्याच आहेत, नाही म्हणायच्या नाहीत.’ जुन्या तीन शाळांचे मिळून ११०० शर्ट आहेत, त्यांना यंदा थांबायला सांगायचं. मुदत मागायची मात्र हिंमत होत नाही, कारण ‘एवढं मोठं गिऱ्हाईक परत दारात येणार नाही.’ यातलं काय करू, असं त्यांनी विचारलंय.

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मिस्टरांशी बोलणं झालं, भाच्याशी झालं, मास्तरांशी झालं, रात्री झोप येत नाही तेव्हा स्वतःशीही झालं. ज्यानं तारीख घातली त्या पुण्याच्या माणसाशी काही बोलल्याचं मात्र पत्रात कुठं दिसलं नाही. म्हणून आधी तिकडेच वळते. मशिनं, रात्रपाळी, इचलकरंजी हे सगळं त्यानंतर.

तुमचा हिशोब सरळ आहे. ६,५०० शर्ट बाकी, २६ दिवस, म्हणजे रोज २५० हवेत आणि निघतात १७०. रोज ८० कमी पडतात. हे ८० कुठून आणायचे यावर तुम्ही चार पानं लिहिलीत. पण पहिल्याच पानावर एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, की मुलाला दोन शर्ट आहेत. शाळा उघडते १५ जूनच्या आसपास. त्या दिवशी पोराच्या अंगावर एक शर्ट असतो. दुसरा घरात असला तर आईला धुण्याची घाई राहत नाही, एवढंच. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो मिळाला म्हणून कुणाची प्रार्थना चुकत नाही. मग ५ जूनला ८,४०० लागणार आहेत की ४,२००? मला वाटतं, हे त्या कंपनीलासुद्धा कुणी विचारलेलं नाही. ऑर्डर काढणाऱ्यानं एक आकडा आणि एक तारीख टाकली आणि तुम्ही ती दगडावरची रेघ धरलीत.

आता लगेच हायसं वाटून घेऊ नका, कारण इथं एक गोम आहे. ‘२४, २६, २८ साईज संपत आल्या’ असं तुम्ही आनंदानं लिहिलंय. म्हणजे लहान साईजपासून सुरुवात करून एकेक साईज पूर्ण काढताय. कटिंगला ते सोपं जातं, मास्तरांना फर्मे बदलावे लागत नाहीत. पण मग तयार १,९०० मध्ये लहान मुलांचे दोन्ही शर्ट आलेत आणि आठवी-नववीच्या मुलांचा एकही नाही. पहिल्या शर्टाच्या हिशोबात यातले निम्मेच, ९५० धरा. उरले ३,२५०. तुमच्या आजच्याच वेगानं ते एकोणीस-वीस दिवसांत होतात, एकही रात्र न जागता. राहिलेल्या सहा-सात दिवसांत जुन्या शाळांचे ११०० जवळजवळ बसतात. अट एकच: उद्या सकाळपासून मास्तरांनी ३० ते ३८ या साईज कापायला घ्यायच्या आणि प्रत्येक साईजमध्ये आधी मुलामागे एकेकच शर्ट काढायचा. मास्तर कुरकुर करतील. करू द्या.

मुदत मागितली तर गिऱ्हाईक जाईल, या तुमच्या भीतीबद्दल. पुण्याच्या त्या माणसाच्या जागी बसून बघा. त्याच्याही डोक्यावर शाळा आहेत, शाळांच्या डोक्यावर पालक. पुरवठादारानं मेच्या सुरुवातीला फोन करून ‘माल दोन टप्प्यांत देते’ सांगणं त्याला नवीन नाही. त्याचा जीव जातो तो ३ जूनला ‘साहेब, जरा अडचण झालीय’ असा फोन आला की. तेव्हा त्याच्या हातात काहीच उरलेलं नसतं. आज त्याच्या हातात महिना आहे. मोठी गिऱ्हाईकं उशिरानं तुटतात त्यापेक्षा शेवटच्या क्षणापर्यंत ‘होतंय, होतंय’ ऐकत राहिल्यानं जास्त तुटतात.

फोनवर रडगाणं नको. बायका कमी आहेत, लग्नसराई आहे, लाईट जाते, यातलं काहीही त्याला सांगू नका. तो त्याचा प्रश्न नाही. साधारण असं बोला: ‘सर, प्रत्येक मुलाचा पहिला शर्ट सगळ्या साईजमध्ये ५ जूनला तुमच्याकडे पोचतो. दुसरा शर्ट जूनअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत दोन गाड्यांत पाठवते. शाळावार पॅकिंग करून हवं असेल तर यादी द्या, तसं करते.’ शेवटचं वाक्य विसरू नका. शाळावार गठ्ठे बांधून मिळाले तर त्यांच्या गोदामातलं मोठं काम वाचतं आणि तुम्हाला पॅकिंगला एखादी बाई जास्त लागते, एवढंच. मागताना काहीतरी देतही असलं की बोलणं वेगळं होतं. फोन झाला की तेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि ‘हो’ असं उत्तर घ्या.

याच फोनमध्ये ते दोन टक्के कशावर, हेही विचारून घ्या. उशीर झालेल्या मालावर की पूर्ण ऑर्डरवर? समजा रोजचे ८० प्रमाणे २,०८० शर्ट मागे राहिले. त्यांची किंमत ४ लाख ७८ हजारांच्या घरात, त्यावर दोन टक्के म्हणजे आठवड्याला साडेनऊ हजार. पूर्ण ऑर्डर १९ लाख ३२ हजारांची, तिच्यावर दोन टक्के म्हणजे ३८ हजारांच्या वर. पहिला आकडा सोसण्यासारखा आहे, दुसरा तुमचा नफा खाईल. तुम्ही घाबरलाय ते नक्की कुठल्या आकड्याला, हे तुम्हालाही अजून ठाऊक नाही.

समजा तो नाहीच म्हणाला. ‘सगळा माल ५ लाच पाहिजे.’ तसं म्हणणारे असतात. तेव्हा मग गाळ्यात बघू.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली ओळ तिसऱ्या पानाच्या कोपऱ्यात आहे: ‘कॉलरवाल्या मावशींच्या पुढं ढीग लागतो आणि काज-बटणाच्या मुली मोबाईल बघत बसतात, बघून अंगाचा तिळपापड होतो.’ मुलींवर रागावू नका. त्यांच्याकडे कामच पोचत नाही. तुमच्या गाळ्यात अठरा मशिनं असली तरी रोज किती शर्ट बाहेर पडतील हे ठरवतं एकच काम, कॉलरचं. फ्युजिंगचं कडक अस्तर लावा, शिवा, शिलाईबाहेरचं कापड छाटा, उलटा, दोन्ही टोकं सारखी काढा, वरून टीप मारा, पट्टी जोडा, मग शर्टाला लावा. एवढं सगळं दोन मावशींच्या हातात आहे. बाकी सोळा मशिनं कितीही पळवली तरी शर्ट तेवढेच निघणार. म्हणून ‘सगळ्यांना अकरापर्यंत थांबवते’ यात मोठा भाग वाया जाणार आहे. बाकीच्या बायका थांबतील, चहा पितील आणि कॉलरची वाट बघतील.

दोन दिवस एक काम करा. घड्याळ घेऊन बसा आणि प्रत्येक टप्प्यावर एका पीसला किती मिनिटं लागतात ते वहीत लिहा. मावशींच्या अंगावर घड्याळ धरताय असं वाटू देऊ नका. कशासाठी ते आधी सांगा. मग कॉलरच्या कामाचे तुकडे पाडा. छाटणं, उलटणं, टोकं काढणं हे मशिनचं काम नाही, ते टेबलावर होतं. मोबाईल बघणाऱ्या त्या दोन मुलींना तिथं बसवा. मावशींनी फक्त शिलाई आणि जोडणी करायची. एक जादा मशिन लावायचंच असेल तर तेही इथंच. कुणी किती म्हणून विचारलं तर पक्का आकडा मी देणार नाही, पण १७० चे २०० होणं मला अशक्य वाटत नाही. रोज २०० म्हणजे २६ दिवसांत ५,२००, आणि ८० चा खड्डा ५० वर येतो.

राहिलेल्यासाठी भाचा आहे. भाच्याची कल्पना वाईट नाही, निम्मा माल देण्याची वाईट आहे. इचलकरंजीत शिवणारे हात आहेत, अंतर तासाभराचं, गाडी सकाळी जाऊन दुपारी येते. पण अख्खा शर्ट त्याच्याकडे द्यायचा तर कापड तुमचं, कटिंग तुमच्या मास्तरांचं, धागा तुमचा आणि मंजूर झालेला एक सॅम्पल पीस त्याच्या टेबलावर लटकवलेला, एवढं तरी हवं. कटिंग तिकडे दिलंत की एका शर्टाची बाही एका लॉटची आणि पाठ दुसऱ्या लॉटची निघते. ट्यूबलाईटखाली पांढरं सगळं सारखंच दिसतं, शाळेच्या मैदानात उन्हात दिसत नाही. त्यापेक्षा नुसत्या कॉलरच बाहेर द्या. कापलेल्या, बंडल नंबर घातलेल्या कॉलर गेल्या, शिवून आल्या. पहिले पन्नास पीस स्वतः बघून मगच पुढचे पाठवा. माल जाताना डिलिव्हरी चलन करा आणि दर, दिवस, खराब पीसची जबाबदारी एका कागदावर लिहून घ्या. भाचा असला तरी. भाचा आहे म्हणून तर नक्कीच. नाहीतर दिवाळीत बहिणीकडे जायची सोय राहायची नाही.

आता बायका. ‘घरच्यासारख्या आहेत, नाही म्हणायच्या नाहीत’ हे वाचून मी थबकले. नाही म्हणायच्या नाहीत हे खरं असेल. पण ते प्रेमानं की त्यांनी तुमच्याकडून घेतलेली उचल फिटायची आहे म्हणून? एकीनं नाही म्हटलं तर दुसरीला वाईट दिसतं म्हणून? आणि घरच्यासारख्या म्हणजे जादा तासांचा हिशोब न मागणाऱ्या, असा तर अर्थ आपण धरत नाही ना? रात्री अकराला बुधगाव, कवलापूर, बामणोलीला वडापची जीप मिळत नाही. नवरा गाडी घेऊन आला तर ठीक, नाही आला तर ती बाई कशी जाणार, याचा तुमच्या चार पानांत कुठंही विचार नाही. कायदा इथं स्पष्ट आहे: जादा तासांना दुप्पट दर, आणि संध्याकाळी सातनंतर बायकांना ठेवायचं तर त्यांची संमती, सुरक्षितता आणि घरी पोचवण्याची सोय. तुमचं युनिट लहान आहे, तपासायला कुणी येत नाही, हे मलाही कळतं. म्हणून काही ती बाई अंधारात कमी घाबरत नाही.

शिवाय हिशोबही बसत नाही. रात्री दहानंतर शिवलेली कॉलर सकाळी उजेडात धरून बघा. एक टोक अणकुचीदार, दुसरं बोथट; टीप कडेपासून इकडे दोन सूत, तिकडे तीन. मोठ्या कंपन्या माल सहसा ठरलेल्या पद्धतीनं तपासतात. सगळ्यात रूढ मोजमापाप्रमाणे ३,२०० च्या वरच्या आणि १०,००० पर्यंतच्या लॉटमधून २०० पीस काढतात. त्यात मोठे दोष दहापर्यंत निघाले तर लॉट पास, अकरावा निघाला की अख्खा लॉट परत. पेंगत शिवलेले शर्ट तुम्हाला त्या अकराव्या दोषापाशी नेऊन ठेवतील. आणि परत आलेला माल उसवून शिवायला नव्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे मी तुम्हाला काय सांगायचं.

थांबवायचंच असेल तर संध्याकाळी दोन तास, आळीपाळीनं, ज्यांचं काम अडलंय तेवढ्यांनाच. प्रत्येकीला एकटीला विचारा, सगळ्यांसमोर नको. दर आधी सांगा, पैसे त्या शनिवारी द्या, ऑर्डरचे पैसे आल्यावर नव्हे. घरी सोडायला एक गाडी ठरवा. आणि मेमध्ये कुणाच्या घरी लग्न आहे, कुणाच्या गावची जत्रा आहे, हे आत्ताच कॅलेंडरवर मांडा. ‘घरच्यासारखं’ असेल तर ते आधी तिथं दिसू दे.

पाटल्यांबद्दल मी थोडक्यात सांगते: नको. आठ मशिनांना आठ बायका लागतात. मेच्या मधोमध त्या कुठून येणार, आणि आल्या तरी हात बसेपर्यंत जून उजाडेल. गाळ्याचा वीजजोड तेवढा भार घेईल का, हेही कुणी बघितलेलं दिसत नाही. मिस्टरांचा उत्साह खोटा नाही, पण मशिनं घ्यायची वेळ सीझन संपल्यावर असते, दोन ऑर्डरींचा अनुभव आणि बँकेचा कागद हातात घेऊन. त्यासाठी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन योजना विचारा, सोनाराकडे जाऊ नका.

खरं सांगू? मला ५ जूनपेक्षा ५ सप्टेंबरची काळजी जास्त वाटते. ९० दिवसांनी पैसे म्हणजे कापडवाला, बायकांचे पगार, गाळ्याचं भाडं, विजेचं बिल हे सगळं तीन महिने तुमच्या खिशातून. बिल फाडलं की जीएसटी पुढच्या महिन्यात भरायचा, गिऱ्हाईकानं पैसे दिलेले असोत वा नसोत. कापडावर भरलेला त्यातून वळता होतो, पण उरलेला रोखच जातो. आणि जूनअखेर शाळांचा सीझन संपतो, म्हणजे हात रिकामे आणि पैसे पुण्यात.

इथं तुमच्या बाजूनं एक कायदा आहे, तो छोट्या धंद्यात फारसा कुणी वापरत नाही. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा सांगतो की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्यानं लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. ९० दिवस लिहून घेतले तरी कायद्यापुढे ते ४५ च. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज. माल मिळाल्यावर १५ दिवसांत त्यांनी लेखी तक्रार केली नाही तर माल स्वीकारला असं धरलं जातं; हे लक्षात ठेवा, कारण सप्टेंबरमध्ये पैसे मागितले की अचानक ‘बटणं निघत होती’ सुरू होतं. यासाठी छोट्या उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी हवी, आणि ती माल देण्याआधीची हवी. ऑनलाईन होते, फुकट होते, आधार आणि पॅन लागतं. पैसे मागणाऱ्या एजंटाकडे जाऊ नका. नोंदणी असेल तर तो नंबर प्रत्येक बिलावर छापा.

तुमचे सीए कदाचित आयकराच्या ४३ बी (एच) चं नाव घेतील. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेला हा नियम म्हणतो की असे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी धरता येतो. त्याचा धाक मार्चच्या तोंडावरच्या मालाला असतो. जूनचा माल, सप्टेंबरचे पैसे, दोन्ही एकाच आर्थिक वर्षात. तिथं त्याचा फार उपयोग नाही. त्यामुळे भिस्त ४५ दिवसांवर ठेवा. आणि तक्रारीची भाषा आत्ता नको. थकलेल्या पैशांसाठी सरकारी पोर्टलवर अर्ज करता येतो, पण तिथवर गेलं की ते गिऱ्हाईक बहुधा संपलं. आत्ता फक्त विचारायचं: ‘आम्ही उद्यममध्ये नोंदलेले आहोत, ४५ दिवसांचं धरू ना? आणि पहिल्या गाडीवर थोडा ॲडव्हान्स मिळाला तर दुसऱ्या शर्टाचं कापड लगेच उचलते.’ टप्प्यांत माल देण्याचा हा आणखी एक फायदा: पहिल्या टप्प्याचं बिल वेगळं, त्याचे दिवस वेगळे मोजायचे. पहिले पैसे आले नाहीत तर दुसरी गाडी भरण्याआधी तुम्हाला ते कळलेलं असेल.

राहिल्या तुमच्या तीन शाळा. त्यांना ‘जरा उशीर होईल’ असं म्हणताना तुम्हाला फोनसुद्धा अवघड वाटलेला दिसत नाही. पुण्याच्या माणसाला मुदत मागायला घाबरता आणि नऊ वर्षं रोखीनं पैसे देणाऱ्या मुख्याध्यापकांना गृहीत धरता, हे जरा उलटं होतंय, ताई. त्यांच्या मुलांनाही १५ जूनलाच शाळा आहे, आणि तिथल्या पालकांना पहिला शर्ट हाच पुष्कळदा एकुलता शर्ट असतो. त्यांचं काम आधी ठरल्या तारखेला द्या. पुण्याची कंपनी पुढच्या वर्षी दुसरीकडे गेली तर जुलैत गाळ्याचं भाडं याच तिघांच्या पैशांतून निघणार आहे.

फोनला बसाल तेव्हा समोर एक कागद ठेवा. साईजवार ऑर्डर किती, तयार किती, कापून पडलेला माल किती, कुठल्या तारखेला काय देणार. मिस्टरांना शेजारी बसवू नका, ते मध्येच ‘होईल हो साहेब, काळजी नको’ म्हणतील. सकाळी अकराच्या सुमारास करा, तोवर तिकडच्या माणसाचा चहा झालेला असतो.